सहाच्या खणातले आठ

अप्पा,

तुम्ही करवून दिलेलं कपाट गेल्या आठवड्यात सुटं करावं लागलं. डाव्या दाराची वरची बिजागरी सैल होऊन दार खाली आलं होतं, आणि पुस्तक काढताना दर वेळी ते एका हाताने उचलून धरावं लागे. मेस्त्री आले होते; तेच, तुमचे, आता पाठीत वाकलेले. त्यांनी चाचपून सांगितलं की बारा तरी नवे स्क्रू लागतील, पितळी, सहा नंबरचे, सव्वा इंची, चपट्या डोक्याचे. धारवाडात ते मिळाले नाहीत. हुबळीला माणूस पाठवला. आपल्या दुकानाच्या जागी आता कापडवाला बसतो. त्याच्या शेजारच्या लोखंडवाल्याने निरोप दिला की लढाई सुरू झाल्यापासून विलायतेहून पितळेचं काही येत नाही, हवे तर लोखंडी घ्या. मी लोखंडी घ्यायला तयार होतो. कपाट घरातलं, त्याला पाऊस लागत नाही, म्हणून लोखंड गंजण्याचं कारण नाही, असा माझा युक्तिवाद होता आणि त्यात मला दोष दिसत नव्हता. तेवढ्यात तुमची सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "थांबा. सहाचे पितळी आहेत माझ्याकडं." आणि आपल्या ट्रंकेच्या तळातून तिने तुमची खणांची पेटी काढून आणली.

वीस वर्षांहून अधिक काळ ती पेटी माझ्या घरात होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. हे पत्र त्या पेटीमुळे लिहितो आहे. ते कुठे पाठवायचं हा प्रश्न मी विचारात घेतलेला नाही, कारण त्याचं उत्तर मला ठाऊक आहे.

पत्राचा विषय मत्सर हा आहे. शब्द मी मोजून वापरतो, ती सवय तुम्हांला आवडत नसे. हेवा वेगळा. दुसऱ्याजवळ आहे ते आपल्याजवळही असावं, एवढंच हेवा मागतो, आणि मिळालं की निवतो. मत्सराची मागणी अशी की दुसऱ्याजवळ ते राहू नये. मग आपल्याला मिळो वा न मिळो. मी ज्या शास्त्रीबुवांपाशी तर्क शिकलो ते म्हणत, वाद सुरू करण्यापूर्वी आपला पक्ष एका वाक्यात सांगता आला पाहिजे. माझा पक्ष असा: तुमच्यापाशी एक विद्या होती, ती तुम्ही मला दिली नाहीत, माझ्या बायकोला दिलीत. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, आणि त्या दोहोंवर तुमचा असलेला भरवसा, यांचा मला मत्सर होता. आजही तो पुरता गेलेला नाही. वय झालं म्हणजे असल्या गोष्टी आपोआप विरतात असं लोक म्हणतात; माझा अनुभव त्याला दुजोरा देत नाही.

तुम्ही सुतार नव्हता. बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, कुलपं आणि स्क्रू विकणारे व्यापारी होता. आपलं घराणं मिरजेकडून हुबळीच्या बाजारात आलं तेव्हापासून हाच धंदा. पण कपाट करवून घेणारा कोणी आला की तुम्ही त्याला आधी माल दाखवत नसा, उलटतपासणी घेत असा. लाकूड कुठलं? फळी किती जाड? कपाट कुठल्या भिंतीला उभं राहणार, आणि पोटात काय ठेवणार? मग पेटीतले चार-सहा स्क्रू त्याच्या तळहातावर मांडून समजावत असा. वरची फळी एक भाग धरली तर खालच्या लाकडात दोन भाग उतरला पाहिजे, पण टोक पलीकडे डोकावता कामा नये. सागाला थोडा जाड चालेल, शिसवीला नाही. शिसव माफ करत नाही. पितळ मऊ, ते थेट फिरवलं तर त्याची मान मोडते. म्हणून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी आत घालायचा, काढायचा, आणि त्याने केलेल्या वाटेने पितळी बसवायचा. "घरातल्या कपाटाला जाडजूड स्क्रू मागतो त्याला मी माल देत नाही," असं तुम्ही गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत असा. "ती काय बैलगाडी आहे?"

डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तेव्हा आम्हांला वाटलं, आता दुकान नोकरांवर जाणार. ते गेलं नाही. नंबर तुम्ही अंगठ्याने ओळखत असा, लांबी तर्जनीच्या पेरावर मोजत असा, आणि पितळ की लोखंड हे बोटांना राहिलेल्या वासावरून सांगत असा. मी धारवाडच्या कोर्टात नुकती वकिली सुरू केली होती. शनिवारी गाडीने हुबळीला येई, आणि दर खेपेला मला दिसे की तुमचं जग डोळ्यांतून बोटांत उतरत चाललं आहे आणि त्या बोटांत मला जागा नाही.

जागा तिला होती. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, घर तुमच्या सुनेच्या हाती होतं. फुटक्या पाकिटांतून सांडलेले, गिऱ्हाइकांनी परत आणलेले सुटे स्क्रू एका डब्यात साठत. दुपारी दुकानाला फळी लावली की तुम्ही मागल्या पडवीत येऊन बसत असा, ती माजघराच्या उंबऱ्याच्या आत, डोक्यावर पदर घेऊन. पेटी उंबऱ्यावर. सून सासऱ्यासमोर बसत नाही हा रिवाज पाळला जाई, आणि पेटी दोघांच्या हाताशी राही. घरातली एकही बाई त्यावर बोट ठेवू शकली नसती. डबा रिता होईपर्यंत तुम्ही दोघं स्क्रू निवडून खण भरत असा. मी शेजारच्या खोलीत दाव्याचे कागद घेऊन बसलेला असे आणि एक ओळ वाचून होत नसे.

"अव्वा, हा कितीचा?" तुम्ही तिला अव्वा म्हणत असा, आईला मारावी तशी हाक. मला तुम्ही 'वकील' म्हणत असा.

"सहा. एक इंची."

"आणि हा?"

"हा कालचाच, मामंजी. टोक मोडलेला. काल पण तुम्ही मला हाच विचारून फसवलात."

"फसवलं कुठं? तू बरोबर सांगितलंस की."

"म्हणून तर आज परत आणलात."

मग दोघांचं हसणं. ती कलघटगीची, माहेरी शेजारीपाजारी सगळी पाळणे करणाऱ्यांची घरं, लाकडाच्या भुशात खेळून वाढलेली. पाळण्याला स्क्रू का मारत नाहीत, हे तिने तुम्हांला सांगितलेलं मला ऐकू आलं होतं. "ते म्हणतात लेकराच्या अंगाखाली लोखंड नको. लाकडाला लाकडानंच धरायचं." तुम्ही म्हणालात, "मग आमचा धंदा बुडालाच की गं," आणि पुन्हा हसलात. तुम्ही असं हसता हे मला त्या आधी माहीत नव्हतं. माझ्याशी तुम्ही बोलत असा ते आदराने, थोडं अंतर ठेवून, घरात आलेल्या शिकलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं.

मग कपाटाची गोष्ट निघाली. माझ्या कायद्याच्या पुस्तकांसाठी तुम्ही ते करवून देणार होता. अंग सागाचं, आणि समोर माथ्यावर शिसवीची एक पट्टी. मी वकिलीची परीक्षा उतरलो त्या वर्षी ती पट्टी तुम्ही अळणावरच्या वखारीतून निवडून आणली होती, तेव्हा तुमचे डोळे शाबूत होते. आणि पुढे तीन वर्षं ती माळ्यावर कापडात गुंडाळून वाळवली. तिच्यासारखी दुसरी नाही, असं तुम्ही मेस्त्रींना बजावत असा. एका दुपारी उंबऱ्यावर पेटी असताना मी खोलीतून उठून बाहेर आलो आणि, मला कोणी विचारलं नसताना, म्हणालो की या कपाटाला दहा नंबरचे दोन इंची स्क्रू हवेत. कारण दिलं: जड वस्तूला बळकट आधार लागतो, कायद्याची पुस्तकं सर्वांत जड, तेव्हा सर्वांत जाड स्क्रू. उदाहरणासह मांडणी केली. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत.

"पुस्तकांचं ओझं फळी पेलते," तुम्ही म्हणालात, "आणि फळीचं ओझं खाच पेलते. स्क्रूनं ओझं उचलायचं नसतं रे, दोन लाकडांना एकमेकांपासून लांब जाऊ द्यायचं नसतं, एवढंच. वकील, तुझा स्क्रू कोर्टात बसेल. लाकडात नाही बसायचा."

उंबऱ्याच्या आत ती हसली. मोठ्याने नाही, पदर तोंडावर होता. पण मी ऐकलं. त्यानंतर माझ्या हातून जे झालं त्याचं कारण शोधताना मी अनेक दूरची कारणं तपासली आहेत, आणि दर वेळी याच हसण्यापाशी परत आलो आहे. कारण इतकं लहान असावं हे मला मानवत नाही, पण पुरावा दुसरा नाही.

पट्टी बसवायची त्या दिवशी मी हुबळीत होतो. सुट्टीचा दिवस, सकाळची वेळ. ती स्वयंपाकात, तुम्ही अंघोळीला गेलेले. पेटी पडवीत उघडी होती. सहाचे सव्वा इंची पितळी एका खणात, आठचे सव्वा इंची पितळी त्याला लागून. लांबी तीच, धातू तोच, फरक फक्त जाडीचा. मी एक खण रुमालात रिकामा केला, दुसरा पहिल्यात ओतला आणि रुमालातले दुसऱ्यात. कोर्टात मी कधी साक्षीदार पढवला नाही, कागदावरचं अक्षर बदललं नाही. ते मात्र केलं. मला काय हवं होतं तेही नेमकं सांगतो. तुम्ही सहाच्या खणात हात घालाल, अंगठा आठ सांगेल, आणि तुम्ही आत वळून म्हणाल, "अव्वा, चुकलीस." तो एक शब्द मला ऐकायचा होता. तुमच्या तोंडून, तिच्यासाठी, एकदा. पट्टीला धक्का लागावा असा माझा हेतू नव्हता. हेतू आणि परिणाम यांत कायदा भेद करतो, आणि मी वीस वर्षं त्या भेदाच्या आडोशाला उभा आहे.

आता मला ते सगळं समोर दिसतं. कपाट पडवीत उताणं टाकलेलं आहे. मेस्त्रींनी गिरमिटाने छिद्रं पाडली आहेत, सहाचा लोखंडी स्क्रू प्रत्येकात फिरवून काढला आहे. तुम्ही पाटावर बसला आहात, पेटी मांडीशी. पितळी स्क्रू तुमच्याच हातून जाणार हे ठरलेलं आहे, आणि तुमच्या हातून आलेला स्क्रू मेस्त्री निरखून पाहत नाहीत. तुम्ही सहाच्या खणात बोटं घालता, एक उचलता, अंगठ्याखाली फिरवता. थांबता.

"वकील, जरा बघ रे हा कितीचा. मला आठचा लागतोय."

मी पाहतो. आठचाच आहे. माझे डोळे उत्तम आहेत.

"खण सहाचा आहे, अप्पा," मी म्हणतो.

हे वाक्य खोटं नव्हतं. तुम्ही स्क्रूविषयी विचारलं, मी खणाविषयी उत्तर दिलं. असलं उत्तर समोरच्या साक्षीदाराने दिलं असतं तर मी त्याला तासभर उभा पिळला असता.

"खण तर सहाचाच. अव्वानं भरलाय." तुम्ही स्क्रू पुन्हा फिरवता. मी वाट पाहतो आहे. आत वळा, अप्पा; म्हणा. "मग माझाच अंगठा जाड झाला म्हणायचा," तुम्ही म्हणता आणि हसता, आणि स्क्रू मेस्त्रींच्या हातावर ठेवता. स्वतःच्या अंगठ्यापेक्षा तुम्ही तिच्यावर अधिक विश्वास ठेवलात. त्या क्षणी मी बोलू शकत होतो. एक वाक्य पुरलं असतं. पण मला तेव्हा एवढंच वाटलं की ठीक आहे, इतका विश्वास असेल तर त्याची किंमत पडू दे.

दोन फेऱ्यांनंतर मेस्त्री थांबले. "बिगी ऐत्री, सावकार्र." घट्ट चाललाय, म्हणत होते ते.

"साबण लाव. शिसव आहे, बिगीच असते."

त्यांनी साबण लावला, दातओठ खाऊन आणखी दोन फेऱ्या दिल्या, आणि पट्टी वाजली. सुपारी फुटावी तेवढाच आवाज. टोकापासून वीतभर, रेषेत, तिला चीर गेली. तुम्हांला कोणी सांगायला लागलं नाही. तुम्ही पाटावरून पुढे सरकलात, दोन्ही तळवे पट्टीवर ठेवून चीर शेवटापर्यंत चाचपलीत आणि म्हणालात, "अव्वाला बोलवा. खण बघू दे."

मेस्त्री हाक मारायला मागल्या दाराकडे गेले. तुमचं तोंड पट्टीकडे होतं. तेवढ्या वेळात मी रुमाल वापरून, आवाज न होऊ देता, खण परत होते तसे केले. भीतीने केले असं म्हणणं मला सोयीचं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. मी विचार केला होता. खण उलटे सापडले तर तुम्ही तिला दोष देणार नाही, हे मला आताच कळून चुकलं होतं. तुम्हांला स्वतःचा संशय येऊन गेला होता, तो खोटा ठरला असता. मेस्त्रींना पेटीशी काही देणंघेणं नव्हतं. एकेक नाव वगळत गेलं की उरेल तो दोषी. शास्त्रीबुवांनी शिकवलेल्या अनुमानांपैकी हे मला सर्वांत आवडे. उरत होतो मी.

ती पिठाचे हात पदराला पुसत आली. रिवाज विसरून उंबऱ्याच्या बाहेर आली, बसली आणि सहाच्या खणात बोटं घातली. थोडा जास्त वेळ ठेवली, असं मला आता आठवतं. तेव्हा लक्षात आलं नाही.

"सहाच आहेत, मामंजी."

"आणि शेजारी?"

"आठ."

"मग मी आठ कुठून उचलला?"

तुम्ही चिरेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलंत. मग म्हणालात, "हात शेजारी गेला असणार. अंगठा ओरडून सांगत होता, तर तेही ऐकलं नाही. असल्या माणसानं लोकांना स्क्रू काढून द्यायचे नाहीत." आणि पेटी तिच्याकडे सरकवलीत. "हे आत ने, अव्वा. आता पाकिटंच विकू."

ती म्हणाली, "एकदाच्या चुकीला एवढं काय, मामंजी?" तुम्ही म्हणालात, "एकदाच कळली, पोरी. आधीच्या किती कळल्या नसतील?"

मेस्त्रींनी चिरेत सरस भरला, मागून सागाची कामटी दिली, आणि कपाट धारवाडला आलं. समोरून काही दिसत नाही. माझ्याकडे येणारे पक्षकार त्या पट्टीची तारीफ करतात. तुम्ही दुकानात बसत राहिलात. पण कोणी स्क्रू मागितला की नोकराला म्हणत असा, "पाकिटावरचा नंबर वाच," आणि हात मांडीवर ठेवून बसत असा. दुपारी पडवीत आडवे होऊ लागलात. उंबरा मोकळा राहिला. माझ्या खोलीत आता शांतता होती आणि मला हव्या तितक्या ओळी वाचता येत होत्या. तिच्याजवळचं ते गेलं होतं, मत्सराने मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात. शेवटच्या दिवसांत तुमची बोटं पांघरुणाचा काठ अंगठ्याखाली फिरवत असत, आणि ती उशाशी बसून ते पाहत असे. मी दाराशी उभा राहून तिला पाहत असे.

आता गेल्या आठवड्याचं सांगतो. मेस्त्री खाली बसले, ती समोर बसली, पेटी मध्ये. आता रिवाजाचं ओझं कोणावर नाही. तिने खणातून एकेक स्क्रू उचलला, अंगठ्याखाली फिरवला, त्यांच्या हातावर ठेवला. बारा झाले. नजर तिचीही आता अधू आहे, पण ती खाली पाहतच नव्हती. मेस्त्री म्हणाले, "नम्म सावकार्र कैनं," आमच्या सावकारांचाच हात, आणि डोळे पुसले. दार नीट बसलं. ते गेल्यावर ती उठली नाही. पेटीच्या कोपऱ्यातून तिने चिंधीची एक पुरचुंडी काढली, सोडली आणि माझ्या टेबलावर तीन स्क्रू ठेवले.

"हे आठचे," ती म्हणाली. "त्या दिवशी सहाच्या खणात होते. घाईत राहिले असतील."

एवढ्या वर्षांच्या वकिलीत मला एवढं तरी कळतं की कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. पण तिने प्रश्न विचारलाच नव्हता.

"माझ्या हातून एकसुद्धा गेला नसता," ती म्हणाली. "तीन तर नाहीच. मी मुठीत घेतले आणि सहाच आहेत म्हणून सांगितलं."

"तेव्हा बोलली का नाहीस?" मी विचारलं. माझा आवाज मला उलटतपासणीचा वाटला.

"कुणापुढं बोलायचं? मामंजींपुढं? हात घसरला, वय झालं, एवढं त्यांनी गिळलं. अवघड गेलं, पण गिळलं. दुसरं त्यांना गिळता आलं नसतं."

"आणि तुला?"

ती उठली. "मला विचारायला वीस वर्षं लागली की तुम्हांला," ती म्हणाली आणि भात उतू जातोय म्हणून आत गेली.

अप्पा, तुमच्यापासून मी आता काही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्या वेळी मला प्रथम लाज वाटली नाही. प्रथम वाटला तो मत्सरच. तुम्हांला काय गिळता येईल आणि काय नाही हे तिला ठाऊक होतं; चीर गेली त्याच घटकेला, ओल्या पिठाच्या हातांनी, तिने ते तोललं आणि नेमकं तोललं. तुमचा मुलगा मी. मला ते आजही तोलता आलं नसतं. तुम्ही तिला स्क्रू ओळखायला शिकवलंत म्हणून मी जळत होतो, आणि तिने तोपर्यंत तुम्हांलाच ओळखलं होतं. लाज मागून आली, आणि ती अजून आहे.

तेव्हा जे सांगायचं ते सांगतो. तुमचा हात शेजारच्या खणात गेला नव्हता. तो सहाच्याच खणात गेला होता. अंगठ्याने आठ सांगितलं ते बरोबर होतं. तिने खण भरले तेही बरोबर होते. त्या पडवीत त्या दिवशी चुकीचं असं एकच होतं, ते तुमच्या डाव्या हाताला उभं होतं आणि त्याची नजर उत्तम होती. आधीच्या किती कळल्या नसतील असं तुम्ही म्हणालात, एकही नव्हती. तुम्ही शेवटपर्यंत लोकांना हाताने स्क्रू काढून द्यायला हवे होते.

हे पत्र मी घडी करून पेटीत, आठच्या खणात ठेवणार आहे. तिला ते सापडेल की नाही याचा विचार मी केलेला नाही असं लिहिणार होतो, केलेला आहे.

राहिला माझा पक्ष. तुम्ही मला ती विद्या दिली नाहीत असं मी सुरुवातीला मांडलं, आणि आयुष्यभर स्वतःपाशी तसंच मांडत आलो. तो पक्ष टिकत नाही. मी कायद्याचा अभ्यास करत होतो, सुट्टीला घरी आलो होतो, लग्न व्हायचं होतं. एका दुपारी तुम्ही दुकानात माझा हात ओढून घेतलात, तळव्यावर दोन स्क्रू ठेवलेत आणि म्हणालात, "डोळे मीट. जाड कुठला, सांग बघू." तुमचा चेहरा, ती 'काल पण फसवलात' म्हणे तेव्हा व्हायचा, तसा झालेला होता. मी डोळे मिटले नाहीत. "अप्पा, नंबर पाकिटावर लिहिलेला असतो," मी म्हणालो.

"खरं आहे, असतो," तुम्ही म्हणालात. दोन्ही स्क्रू माझ्या तळव्यावरून उचललेत आणि, तेव्हा तुम्हांला चांगलं दिसत होतं तरी पेटीकडे न पाहता, ज्याच्या त्याच्या खणात टाकलेत.